नलिका, दगड आणि नेत्रभिंग : मराठी काशीतील आकाशदर्शनाच्या साधनांचा इतिहास

काशीच्या घाटांवरून दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा हे घाट एकापाठोपाठ लागतात, आणि त्यांच्या माथ्यावरील अरुंद गल्ल्यांमध्ये मराठी कुटुंबांची वस्ती कित्येक पिढ्या नांदत आली आहे. अठराव्या शतकात गोदातीरीच्या कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर येथे येऊन स्थायिक झाले. पेशव्यांच्या आदराचे स्थान असलेल्या या दीक्षितांच्या नावाशी ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट यांची पक्की बांधणी जोडली जाते. गंगा येथे उत्तरवाहिनी असल्यामुळे घाटांची तोंडे पूर्वेकडे आहेत, समोरच्या तीरावर वाळूचा मोकळा पट्टा आहे आणि पाठीमागे उंच वाडे उभे आहेत. त्यामुळे पूर्वेचे क्षितिज जितके उघडे, तितकेच पश्चिमेचे झाकलेले असते. अशा ठिकाणी एखाद्या नवशिक्या निरीक्षकाने आज लहान दुर्बीण लावली, तर तिच्यासोबत आलेली स्वस्त नेत्रभिंगे पुरेशी मानावीत काय, हा प्रश्न त्याला पहिल्या काही रात्रींतच पडतो. नेत्रभिंग म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडील टोकाला बसवायची भिंगांची छोटी नळी. हौशी निरीक्षक तिला आयपीस म्हणतात. प्रश्न आजच्या बाजारातील असला, तरी पाहण्याच्या साधनावर किती आणि कशासाठी खर्च करावा याचा विचार मराठी काशीत चार शतकांहून अधिक काळ होत आला आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्या शतकात काशीतील ज्योतिषाची सूत्रे मुख्यतः महाराष्ट्रातून आलेल्या दोन घराण्यांच्या हाती होती. त्यांपैकी एक विदर्भातील पयोष्णीतीरीच्या दधिग्रामचे. त्यातील रंगनाथांनी 1603 मध्ये सूर्यसिद्धांतावरील गूढार्थप्रकाशक ही टीका पूर्ण केली आणि त्याच वर्षी जन्मलेल्या त्यांच्या मुलाने, मुनीश्वरांनी, पुढे सिद्धांतसार्वभौम हा ग्रंथ रचला. दुसरे घराणे गोदातीरीच्या गोलग्रामचे. त्याचे मूळपुरुष दिवाकर हे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांचे शिष्य होते, आणि त्याच वंशातील कमलाकरांचा सिद्धांततत्त्वविवेक 1658 मध्ये काशीतच सिद्ध झाला. दोन्ही घराण्यांत कडवा वाद होता. समरकंदच्या उलुगबेगाच्या परंपरेतून आलेले गणित स्वीकारावे की नाही, हा त्या वादातील एक मोठा विषय होता. मात्र गणिताने काढलेला ग्रह आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे, या अपेक्षेचे मोल दोघांनाही ठाऊक होते. गणित आणि दर्शन यांच्या या मेळाला दृक्प्रत्यय म्हणतात. गणेश दैवज्ञांचे वडील केशव यांनी ग्रहांचे वेध, म्हणजे त्यांच्या स्थानांची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन जुन्या ग्रंथांतील चुका दाखवल्या होत्या, आणि 1520 च्या ग्रहलाघवामागे तोच वारसा उभा होता.

दृक्प्रत्ययासाठी वापरले जाणारे एक साधन म्हणजे नलिकायंत्र. ही निव्वळ पोकळ नळी असे, तिच्यात भिंग नसे. 1150 च्या सिद्धांतशिरोमणीत भास्कराचार्यांनी तिचा उपयोग सांगितला आहे : ग्रहाची दिशा आणि उंची आधी गणिताने काढायची, त्यानुसार नळी आधारांवर पक्की बांधायची, आणि मग राजाला किंवा जाणकाराला तिच्यातून डोकावायला सांगायचे, ग्रह नळीत दिसला की गणित खरे ठरले. पाण्यातील प्रतिबिंब पाहूनही हीच परीक्षा घेता येई. नळीमुळे ग्रह मोठा दिसत नसे, आजूबाजूचा उजेड आणि भरकटणारी नजर एवढेच काय ते अडत असे. तरीही हे साधन कमअस्सल होते असे म्हणता येत नाही, कारण त्याला नेमून दिलेले काम ते पूर्णपणे करत असे, आणि ते काम नळीच्या किमतीवर नव्हे तर तिच्या मागच्या गणितावर अवलंबून होते.

मुनीश्वर आणि कमलाकर यांच्या काळात युरोपात नळीच्या दोन्ही टोकांना भिंगे बसली होती. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडील भिंग अंतर्गोल होते. त्यातून प्रतिमा सुलट दिसे, पण दिसणारा आकाशाचा तुकडा फार लहान असे. केप्लरने 1611 मध्ये त्या जागी बहिर्गोल भिंग सुचवले. प्रतिमा उलटी झाली, परंतु या बदलाचा खरा लाभ वेगळाच होता : वस्तुभिंगाने, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाने, तयार केलेली प्रतिमा आता नळीच्या आत नेत्रभिंगाच्या अलीकडे पडू लागली आणि त्या जागी बारीक तार ताणून ताऱ्याचे स्थान मोजणे शक्य झाले. विल्यम गॅस्कॉइनने 1640 च्या आसपास हे करून पाहिले, आणि पुढच्या पिढीत पॅरिसच्या ज्योतिर्विदांनी ते रूढ केले. पाहण्याची नळी मोजण्याचे यंत्र बनली ती डोळ्याकडच्या या भिंगामुळे. भारतात दुर्बिणीतून झालेल्या निरीक्षणांपैकी सर्वांत जुने ज्ञात निरीक्षण 1651 चे आहे. इंग्रज ज्योतिर्विद जेरेमाया शेकर्लीने त्या वर्षी सुरतेत बुधाचे अधिक्रमण, म्हणजे त्याचे सूर्यबिंबासमोरून जाणे, पाहिले. कमलाकरांचा ग्रंथ पूर्ण व्हायला तेव्हा आणखी सात वर्षे होती.

ब्रह्मा घाटापासून नदीच्या काठाने दक्षिणेकडे गेल्यावर मानमंदिर लागते. राजा मानसिंहाच्या या वाड्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात दगडचुन्याची यंत्रे उभारली. सम्राटयंत्र, भित्तियंत्र, दिगंशयंत्र, नाडीवलय अशी ही यंत्रे उघड्या डोळ्यांसाठीच आहेत. सम्राटयंत्राची तिरपी भिंत काशीच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे 25 अंश, कललेली आहे. जयसिंहाला दुर्बीण ठाऊक नव्हती असे नाही. त्याच्या झीज-ए-मुहम्मदशाही या कोष्टकग्रंथात शुक्राच्या कला आणि गुरूचे चार चंद्र दुर्बिणीतून पाहिल्याचा उल्लेख आहे. मोजमापासाठी मात्र त्याने दगड निवडला, कारण पितळी यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात आणि केंद्रे सरकतात, असा त्याचा अनुभव होता. तारेविना दुर्बीण मोजमापाला निरुपयोगी होती, तेव्हा त्याची निवड विचारपूर्वक होती असेच मानावे लागते. खर्च करायचा तो स्थैर्यावर, हा त्याचा निर्णय होता.

पुढे मराठी काशीचे या यंत्रांशी नाते जुळले ते बापूदेव शास्त्रींमुळे. कायगावच्या समोर, गोदावरीच्या पलीकडच्या काठावरील टोके हे त्यांचे मूळ गाव. जन्म 1821 चा, आरंभीचे शिक्षण नागपुरात. सिहोरच्या लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची बुद्धी हेरली आणि 1842 मध्ये ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवू लागले. सूर्यसिद्धांताचा त्यांचा इंग्रजी अनुवाद 1861 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मानमंदिरातील यंत्रांचे वर्णनही त्यांनी लिहून ठेवले. इंग्लंडमधील नॉटिकल अल्मनाक, म्हणजे नाविकांसाठी दरवर्षी निघणारे ग्रहस्थानांचे पंचांग, याच्या आधारे त्यांनी काशीत दृक्प्रत्ययाचे पंचांग काढले. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी हेच पाऊल आधी उचलले होते. या घटनेचा एक परिणाम सहसा नोंदवला जात नाही. मोजण्याचे काम दूरच्या वेधशाळांतील मोठ्या दुर्बिणींकडे गेल्यामुळे काशीतल्या किंवा पुण्यातल्या खाजगी दुर्बिणीवर ते ओझे राहिले नाही. तिचे काम आता स्पष्ट आणि निवांतपणे दाखवणे हे झाले, आणि नेत्रभिंगाची परीक्षा करायची ती याच कसोटीवर.

आज स्वस्त म्हणून हिणवल्या जाणाऱ्या नेत्रभिंगांचा वंश मोठा आहे. डच ज्योतिर्विद हायगेन्स याने 1660 च्या दशकात एका भिंगाऐवजी दोन साधी भिंगे ठरावीक अंतरावर बसवली, आणि काच एकाच प्रकारची असूनही प्रतिमेच्या कडांवरील रंगीत झालर बरीच कमी झाली. त्याच्या काळातील दुर्बिणी अतिशय लांब होत्या. वस्तुभिंगाच्या व्यासाच्या मानाने नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचे अंतर, फार मोठे असे, किरण अगदी लहान कोनात येत आणि दोन भिंगांची ही रचना त्यांना उत्तम सांभाळी. हेच नेत्रभिंग आखूड दुर्बिणीला लावले तर किरण मोठ्या कोनात येतात आणि प्रतिमा कडेला फिसकटते. दोष रचनेचा कमी आणि जोडणीचा अधिक. 1782 मध्ये रॅम्सडेनने आणि 1860 मध्ये व्हिएन्नाच्या प्लॉसलने आणलेल्या रचना या बदलत्या दुर्बिणींसाठी होत्या. प्लॉसलच्या रचनेत दोन भिंगांच्या दोन जोड्या असल्यामुळे ती तुलनेने आखूड दुर्बिणीतही नीट चालते.

नवशिक्याच्या पेटीत 60 मिलिमीटर व्यासाची आणि 700 मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण असते असे धरले, तर हिशेब सरळ आहे, कारण वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रभिंगाच्या नाभीय अंतराने भागले की विवर्धन मिळते. ‘एच’ हे अक्षर कोरलेले 20 मिलिमीटरचे हायगेन्सियन भिंग 35 पट मोठे दाखवते. दुर्बीण लांब असल्यामुळे चंद्राची विवरे, गुरूचे चंद्र आणि शनीचे कडे यांसाठी ते समाधानकारक ठरते, आणि ते टाकून देण्याचे कारण नाही. ‘एसआर’ अक्षरांचे 4 मिलिमीटरचे भिंग मात्र 175 पटींचा आकडा देते, तर व्यासाच्या दुपटीचा ढोबळ नियम लावता या दुर्बिणीची मर्यादा 120 पटींच्या आसपास आहे. त्यात डोळा भिंगाला जवळजवळ चिकटवावा लागतो आणि प्रतिमा अंधूक होते. सोबतच्या तिप्पट बार्लो भिंगाने, म्हणजे नेत्रभिंगाच्या पुढे बसवून विवर्धन वाढवणाऱ्या भिंगाने, हाच आकडा 525 होतो, आणि खोक्यावर नेमका तोच छापलेला असतो. नव्या माणसाची उमेद मोडणारी ही फसवणूक आहे, आणि ती स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे.

ब्रह्मा घाटावर ही मर्यादा आणखी खाली येते. दिवसभर तापलेल्या पायऱ्या रात्री उष्णता सोडतात आणि हवा थरथरते. हिवाळ्यात नदीवर धुके असते. नुकताच उगवलेला ग्रह हवेच्या जाड थरातून दिसतो. तेथे 25 आणि 10 मिलिमीटरची साधी प्लॉसल नेत्रभिंगे, म्हणजे 28 आणि 70 पट, बहुतेक रात्रींना पुरतात. ती विकत घेण्यापूर्वी दुर्बिणीच्या डोळ्याकडील नळीचे तोंड मोजावे : जुन्या लहान मापात ते सुमारे 24.5 मिलिमीटर असते, आज रूढ असलेल्या मापात सुमारे 31.7 मिलिमीटर, आणि मोठ्या मापाचे भिंग पुढच्या दुर्बिणीलाही लागू पडते. भिंगांचा मोठा संच एकदम घेण्यात अर्थ नाही. त्यातील बरीच भिंगे पेटीतच पडून राहतात. संच न घेता वाचलेली रक्कम तिपाईवर खर्चणे अधिक श्रेयस्कर, कारण 70 पटींच्या प्रतिमेत तिपाईचा थरकापही 70 पटींनी वाढतो, आणि जयसिंहाने पितळ सोडून दगड धरला तो अशाच अस्थैर्याला कंटाळून.