आतला आवाज आणि पक्षाचा उमेदवार

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्याच पॅनेलचा माणूस आपल्याच लोकांनी कसा पाडला, याचे किस्से आपल्या बीड जिल्ह्यात पारापारावर ऐकायला मिळतात. देशाच्या सर्वोच्च पदाच्या निवडणुकीतही एकदा हेच घडले होते. ते का घडले, हे आज मला सांगायचे आहे.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. नवा उमेदवार ठरवण्यासाठी जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या मनात जगजीवनराम होते. पण कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण यांनी नीलम संजीव रेड्डींना कौल दिला. चारांत दोन मराठी नेते होते, हे लक्षात घ्या. राष्ट्रपती भवनात जुन्या नेत्यांचा माणूस बसला, तर आपले आसन डळमळेल, अशी शंका इंदिराजींच्या गोटात होती.

पुढे घटना भराभर घडल्या. मोरारजींचे अर्थखाते गेले. १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने आपले चिंतामणराव देशमुख यांना उभे केले. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी या दोन पक्षांकडे दुसऱ्या पसंतीची मते मागितली आणि इंदिराजींच्या समर्थकांना आयतेच कारण मिळाले. रेड्डींच्या अर्जावर सही करणाऱ्या इंदिराजींनीच मग सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाची मुभा दिली. ‘आतला आवाज’ हा शब्द तेव्हापासून राजकारणात रुळला.

हे शक्य झाले, कारण राष्ट्रपतीपदाचे मतदान गुप्त असते आणि त्याला पक्षादेश लागू होत नाही. पुढे १९८५ साली पक्षांतरबंदी कायदा आला, तरी ही मोकळीक कायम राहिली.

१६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या फेरीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयाचा कोटा ४,१८,१६९ होता. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ झाले. फरक अवघा १४,६५० चा! एका खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते. म्हणजे तेरा खासदार इकडचे तिकडे झाले असते, तर निकाल फिरला असता.

या निवडणुकीत आपल्या जिल्ह्याचे खासदार होते क्रांतिसिंह नाना पाटील. १९६७ साली बीडकरांनी त्यांना कम्युनिस्ट पक्षाकडून निवडून दिले होते. त्यांच्या पक्षाचा पाठिंबा गिरींनाच असल्याने त्यांच्यापुढे पेच नव्हता. पेच होता तो काँग्रेसजनांपुढे.

त्यांनी पक्षाचा उमेदवार का नाकारला? काहींना बँकांचा निर्णय मनापासून पटला होता. काहींना जनसंघाशी झालेली बोलणी रुचली नाहीत. काहींनी वाऱ्याची दिशा पाहिली. पण माझ्या मते मूळ कारण वेगळे आहे. बंद खोलीत चार मतांनी ठरलेला उमेदवार हजारो कार्यकर्त्यांना आपला वाटला नाही. पक्षात आधीच दोन तट पडलेले असले, की उमेदवार साऱ्या पक्षाचा राहत नाही, एका तटाचा होतो.

अर्थात, दुसरी बाजूही पाहायला हवी. आतला आवाज ऐका, असे सत्तेवर असलेल्या माणसानेच सांगितले, की तो आवाज कुणाचा, हे ओळखणे कठीण होते. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी इंदिराजींना पक्षातून काढले गेले आणि काँग्रेस दुभंगली. रेड्डींना मत देणारे यशवंतराव मात्र इंदिराजींबरोबरच राहिले. पराभूत रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले.

२००७ साली शिवसेनेने मित्रपक्षांचा उमेदवार सोडून प्रतिभाताई पाटील यांना मते दिली, तेव्हा कारण मराठीपणाचे होते. कारणे बदलतात, मतपेटीपुढे माणूस एकटा असतो, हे बदलत नाही. तिथे त्याने आपल्या बाजूला राहावे असे पक्षाला वाटत असेल, तर उमेदवार ठरवतानाच त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)