पेशींतील कणांची निवड

खामगांवच्या कापसाच्या पेठेसाठीं १८७० सालीं जलंबपासून आगगाडीचा फांटा घालण्यांत आला. तेथील जिनिंग कारखान्यांत रुई व सरकी वेगळ्या करावयाच्या, त्या सरकी न फोडतां. कारण फुटलेल्या सरकीचे तुकडे रुईंत मिसळले कीं मालाचा दर्जा उतरतो. अशीच अडचण, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रमाणांत, जीवरसायनशास्त्रापुढें पन्नास वर्षें उभी होती.

प्राण्यांच्या व वनस्पतींच्या पेशींत मायटोकाँड्रिया नांवाचे सूक्ष्म कण असतात. कार्ल बेंडा यांनीं १८९८ सालीं त्यांना हें नांव दिलें. अन्नाचें मंद ज्वलन होऊन शक्ति मिळते, ती मुख्यत्वें त्यांच्याच ठायीं. परंतु पेशी वाटली कीं हे कणही फुटत, आंतील प्रथिनें सर्वत्र सांडत, आणि कोणतें प्रथिन कोणत्या घरचें, हें कळेनासें होई.

या शोधाच्या इतिहासांत एका मराठी विदुषीचें नांव येतें. कमला भागवत यांनीं १९३३ सालीं बंगलोरच्या भारतीय विज्ञानसंस्थेंत अर्ज केला, तेव्हां संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं त्या स्त्री असल्यामुळें तो नाकारला. त्या हटल्या नाहींत. वर्षभर कसोटीवर राहण्याची अट पत्करून त्यांनीं प्रवेश मिळविला आणि पुढें केंब्रिज गांठलें. श्वसनांत भाग घेणाऱ्या सायटोक्रोम या लोहयुक्त प्रथिनांवर डेव्हिड कीलिन यांनीं १९२५ सालीं तेथेंच मूलभूत संशोधन केलें होतें. कमलाबाईंनीं बटाट्यावर काम करून वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असल्याचें दाखविलें व १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली.

तें प्रथिन पेशीच्या कोणत्या भागांत राहतें, हें ठरविण्यास मात्र अखंड मायटोकाँड्रिया हातीं येणें अवश्य होतें. १९४८ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत होगबूम, श्नायडर व पॅलाडे यांनीं त्यावर उपाय काढला, तो साखरेच्या पाण्याचा! साध्या पाण्यांत हे कण फुगून फुटतात. म्हणून त्यांनीं उंदराचें यकृत सुमारें ३० टक्के साखरेच्या थंड द्रावणांत वाटलें आणि तें केंद्रोत्सारी यंत्रांत फिरविलें. मंद वेगानें केंद्रकें व न फुटलेल्या पेशी तळाशीं बसल्या. वेग वाढवितांच मायटोकाँड्रियांचा थर हातीं आला. बटाट्याची पेशीभित्ति कठीण, व तो वाटतांच त्यांतील आम्लें बाहेर पडतात. तेव्हां तेथें आम्लता आवरणारे क्षारही घालावे लागतात.

आज मानवी मायटोकाँड्रियांत सुमारें १,१०० प्रकारचीं प्रथिनें ओळखलीं गेलीं आहेत. त्यांपैकीं केवळ १३ त्यांच्या स्वतःच्या जनुकांवरून तेथेंच तयार होतात. बाकीचीं बाहेरून येतात. त्यामुळें थर शुद्ध नसेल, तर वाटेंत चिकटलेलें परकें प्रथिनही घरचें म्हणून मोजलें जातें, आणि पुढें त्यावर रचलेला रोगाविषयींचा तर्कही चुकतो.

विवाहानंतर कमला सोहोनी या नांवानें मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत कमलाबाईंनीं कडधान्यें व नीरा यांच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला. १९९८ सालीं त्यांचें निधन झालें. केंब्रिजच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं बटाट्यांत पाहिलेल्या त्या प्रथिनाचें घर आज निश्चित झालें आहे. तें ठरलें मायटोकाँड्रिया न फोडतां निवडतां येऊं लागल्यावरच.