स्टॅम्पपेपरवरची फारकत आणि कोर्टाचा हुकूमनामा



विहाराची स्मरणिका घरोघरी जाते, म्हणून घरातलाच एक विषय मांडतो. लग्नाच्या पत्रिका आपण हौसेनं छापतो; पण लग्न मोडलं तर काय, हे कुणी बोलत नाही. मग चार पाहुणे ओट्यावर बसतात, भांडीकुंडी परत द्यायचं ठरतं, स्टॅम्पपेपरवर फारकत लिहिली जाते, सह्या-अंगठे होतात, आणि पोरीला सांगतात, "झाली मोकळी!" खरं तर ती मोकळी झालेली नसते. हे असं का, ते समजण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

गावगाड्यातल्या बहुतेक जातींत पूर्वी काडीमोड होती. पंचांपुढं काडी मोडली की नातं तुटलं. बाईला दुसरा पाटही लावता येई. तेवढी वाट बाईला होती, हे मान्य करावं लागेल. पण पंच सारे पुरुष. लेकरं कुणाकडं राहणार, त्यांनी खायचं काय, हे पंचांच्या मर्जीवर. सरकारी न्यायालयानंही ही पंचांची सत्ता पुढं मानली नाही. लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मान्य करणार नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टानं १८७६ साली दिला.

मग कोर्टात तरी न्याय होता का? तोही नव्हता. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलं होतं. नांदायला जायला त्यांनी नकार दिला, तेव्हा नवऱ्यानं १८८४ साली दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या! शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. पण हिंदू स्त्रीला घटस्फोट मागण्याचा कायदाच त्या वेळी नव्हता.

आपला नगर जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात. या प्रांतात १९४६ साली दुसऱ्या बायकोला बंदी करणारा आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा झाला. साऱ्या देशासाठी मात्र ही लढाई परमपूज्य बाबासाहेबांनी अंगावर घेतली. कायदामंत्री या नात्यानं त्यांनी हिंदू कोड बिल लावून धरलं. घटस्फोटानं धर्म बुडेल असं म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिलं की, देशातल्या बहुसंख्य कष्टकरी जातींत तो रूढीनं चालतच आला आहे. तरीही बिल अडवलं गेलं, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे तेच बिल तुकड्या-तुकड्यांनी पास झालं. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला. वारसा, पालकत्व आणि दत्तक-पोटगी हे तीन कायदे १९५६ साली. त्यातला पोटगीचा कायदा आला २१ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर बरोबर पंधरा दिवसांनी.

"आपण बौद्ध, मग हिंदू विवाह कायदा आपल्याला कसा?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्या कायद्याच्या कलम २ मध्येच बौद्ध, जैन आणि शीख यांना तो लागू असल्याचं लिहिलं आहे. विधी बौद्ध पद्धतीचा असला तरी घटस्फोट याच कायद्यानं मिळतो. पूर्वापार रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. आणि खरं सांगा, आपल्या शेजारच्या येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झालेली घोषणा आपण अभिमानानं सांगतो, जात सोडली म्हणतो, मग जातपंचायतीचा हा कागद तेवढा का जपून ठेवायचा?

या कागदाचा फटका कसा बसतो पाहा. कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय नवऱ्यानं किंवा बायकोनं दुसरं लग्न केलं तर ते कायद्यात टिकत नाही, वर गुन्हा होतो. शिवाय राजीखुशीनं वेगळ्या राहणाऱ्या बायकोला पोटगी नाकारण्याची तरतूद आहे. नवरा तोच कागद कोर्टात पुढं करतो. मुलांचा हक्क मात्र आईनं लिहून दिला तरी जात नाही.

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल, तर १९७६ पासून परस्पर संमतीचा घटस्फोट आहे. एक वर्ष वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो. पुढची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ साली सांगितलं. २००३ च्या दुरुस्तीमुळं बायकोला ती राहते तिथल्या कोर्टात दावा लावता येतो. माहेर कोपरगावला आणि सासर दूर असलं, तरी इथंच दाद मागता येते.

पोटगीचीही अशीच गोष्ट. जुन्या फौजदारी कायद्यात महिन्याच्या पोटगीला वरची मर्यादा होती. १९५५ पासून ती पाचशे रुपये होती. १९७३ च्या कायद्यानं कलम १२५ खाली घटस्फोटित बाईलाही हक्क दिला, पण पाचशेचा आकडा तसाच राहिला. देशभरासाठी ही मर्यादा २००१ साली उठली. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी आणि दोघांनी आपली मिळकत शपथेवर सांगावी, असं सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवलं. ते प्रकरण आपल्या नागपूरचंच होतं. पोटगी थकली तर एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा. इथं पुष्कळ भगिनी चुकतात. "आज ना उद्या देईल" म्हणत बसतात आणि मुदत निघून जाते.

लेकरांबाबत कायदा सांगतो की, पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडं राहावं. त्यापुढं बाप मोठा की आई मोठी हे न बघता मुलाचं हित बघितलं जातं. ताबा आईकडं असला म्हणून बापाची जबाबदारी सुटत नाही, आणि पोटगी देतो म्हणून बापाला भेटीचा हक्क मागायलाही बंदी नाही. मूल हे भांडणातलं भांडं नव्हे, वाटून घ्यायला!

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जातीच्या माणसांना, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा. अर्जासोबत लग्नाची नोंद, फोटो, पत्रिका, मुलांचे जन्मदाखले आणि नवऱ्याच्या पगाराचा काही पुरावा न्यावा. आणि विहारात लग्न लागलं की त्याच आठवड्यात नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करावी. उद्या लग्न झालंच नाही असं कुणी म्हणायला नको.

संसार टिकावा, समजुतीनं मिटावं, यासाठी वडीलधाऱ्यांनी जरूर बसावं. पण मिटलं नाही तर ओट्यावर फारकत लिहू नये, पोरीचा हात धरून कोर्टाची पायरी चढावी. ज्या कायद्यासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपदावर पाणी सोडलं, तो आपल्याच लेकीबाळींना ठाऊक नसावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

जय भीम!