उंट, रुग्णालय आणि नोंदवही : मर्सच्या साथींच्या मागोव्याचा इतिहास

१

साथीच्या रोगाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास आरंभीच एका अडचणीच्या प्रश्नास तोंड द्यावे लागते. साथ सुरू झाली ती नेमकी केव्हा? पहिला मनुष्य आजारी पडला तेव्हा, की पहिल्या रुग्णाची नोंद झाली तेव्हा? लढाईची तिथी ठरविताना असा संभ्रम सहसा पडत नाही. रोगाच्या बाबतीत मात्र घटना आणि घटनेचे ज्ञान यांत महिन्यांचे, क्वचित दशकांचे अंतर असते. 'मध्यपूर्वेतील श्वसनविकार', म्हणजेच मर्स, या नावाने २०१३ पासून ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा वृत्तांत या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. या रोगाच्या विषाणूचा वास उंटांत असतो. माणसांत त्याच्या साथी उद्भवतात त्या बहुधा रुग्णालयांत. आणि त्याच्याविषयी आपणांस जे ठाऊक आहे ते नोंदवह्यांतून आलेले आहे. या तिहींचा परस्परसंबंध कसकसा उलगडत गेला आणि त्या उलगड्यातून इतिहासाच्या अभ्यासकाने काय घ्यावे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

रूढ वृत्तांत असा आहे. १३ जून २०१२ रोजी सौदी अरेबियातील जेद्दा शहरी एका खासगी रुग्णालयात साठ वर्षांचा एक गृहस्थ न्यूमोनियाने आजारी होऊन दाखल झाला. पुढे त्याची मूत्रपिंडेही निकामी झाली व २४ जून रोजी तो मरण पावला. तेथील विषाणुतज्ज्ञ डॉ. अली मोहमद झाकी यांना त्याच्या थुंकीत एक अपरिचित विषाणू आढळला. त्यांनी तो नेदरलंड्समधील रॉटरडॅम येथील इरॅस्मस वैद्यकीय केंद्राकडे पाठविला व तेथे तो नवीन जातीचा कोरोना विषाणू असल्याचे ठरले. २० सप्टेंबर २०१२ रोजी 'प्रोमेड' या साथवार्तापत्रातून झाकी यांनी हा शोध जगास कळविला. थोड्याच दिवसांत लंडनमध्ये उपचार घेत असलेल्या कतारच्या एका रुग्णात तोच विषाणू सापडला. या प्रकटीकरणाचे परिणाम झाकी यांना भोगावे लागले. त्यांना नोकरी सोडून मायदेशी इजिप्तला परतावे लागले. रोगाच्या पहिल्या कागदाचा जन्मच अशा तणावात झाला, ही गोष्ट पुढील नोंदींचे मोल ठरविताना ध्यानात ठेवली पाहिजे.

परंतु जेद्दाचा रुग्ण हा पहिला रुग्ण नव्हता. एप्रिल २०१२ मध्ये जॉर्डनमधील झरका येथील एका रुग्णालयात परिचारिका व इतर कर्मचारी यांच्यात श्वसनविकाराची एक छोटी साथ येऊन गेली होती. त्या वेळी ज्ञात अशा सर्व कारणांची तपासणी झाली आणि काहीच निष्पन्न झाले नाही. सुदैवाने नमुने फेकून दिले गेले नव्हते. नवा विषाणू माहीत झाल्यावर ते पुन्हा तपासण्यात आले, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथील दोन मृतांना हाच रोग झाला होता असे सिद्ध झाले. म्हणजे उत्तर नमुन्यांत आधीपासूनच होते; ठाऊक नव्हता तो प्रश्न. दफ्तरखान्यात काम केलेल्या कोणाही अभ्यासकास हा अनुभव नवा वाटणार नाही. त्याच कागदाचे पुडके दुसऱ्यांदा सोडल्यावर निराळे बोलू लागते, कारण मधल्या काळात वाचणारा बदललेला असतो.

३

रोग माणसाकडे कोठून आला, हा पुढचा प्रश्न. आरंभी संशयाची सुई वटवाघळांकडे वळली. विषाणूचे आप्त वटवाघळांत आढळत होते. परंतु वटवाघळाशी संबंध आल्याचे सांगणारे रुग्ण मिळेनात. ऑगस्ट २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दिशा बदलली. ओमानमधील शर्यतींतून निवृत्त झालेल्या पन्नास उंटांचे रक्तजल तपासले असता पन्नासांतही या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. कॅनरी बेटांवरील १०५ उंटांपैकी १५ उंटांतही ती होती. गाई, मेंढ्या व शेळ्या यांत मात्र ती नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस कतारमधील एका वाड्यातील चौदांपैकी तीन उंटांत प्रत्यक्ष विषाणूचा अंश मिळाला. त्या वाड्याशी संबंध असलेली दोन माणसे तत्पूर्वी आजारी पडली होती. २०१४ च्या जूनमध्ये जेद्दाजवळच्या एका उंटमालकाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. नाक वाहणाऱ्या उंटाच्या नाकाला त्याने औषध लावले होते. तो व त्याचा उंट यांच्याकडून मिळालेले विषाणू जनुकक्रमाने एकरूप निघाले.

मुंबईच्या प्लेगचा इतिहास ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना या क्रमात एक साम्य दिसेल. १८९६ मध्ये साथ सुरू झाली, १८९८ मध्ये सिमों यांनी उंदरावरील पिसवेकडे बोट दाखविले, आणि ते मत सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षे जावी लागली. उंटाच्या बाबतीतही पुराव्यापेक्षा जिव्हाळा बलवत्तर ठरला. २०१४ साली सौदी शासनाने उंटांजवळ जाताना तोंडावर पट्टी बांधण्याचा सल्ला दिला, तेव्हा काही उंटपालकांनी आपल्या उंटांचे मुके घेतानाची चलच्चित्रे प्रसृत करून त्याचा उपहास केला. तो नुसता अडाणीपणा म्हणता येणार नाही. उंटाला या रोगाने फारसे काही होतच नाही. थोडे नाक वाहते, इतकेच. ज्या जनावराच्या दुधावर पिढ्या वाढल्या आणि जे स्वतः धडधाकट दिसते, ते रोगाचे घर आहे हे मालकाने कशावरून मानावे?

४

यानंतर खरा ऐतिहासिक पेच उभा राहतो. उंटांत हा विषाणू केव्हापासून आहे? याचे उत्तर देण्यास लेखी साधन एकही नाही. परंतु साधन केवळ लेखीच असते असे नाही. पूर्व आफ्रिकेतील उंटांचे, अन्य कारणांनी घेतलेले व थंड ठिकाणी राखून ठेवलेले जुने रक्तजल २०१४ मध्ये तपासण्यात आले. १९८३ ते १९९७ या काळातील १८९ नमुन्यांपैकी सुमारे ८१ टक्के नमुन्यांत या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे होती, आणि त्यांतील सर्वांत जुने नमुने १९८३ चे होते. म्हणजे जेद्दाच्या रुग्णाच्या निदान २९ वर्षे आधी हा विषाणू उंटांत सर्वत्र पसरलेला होता.

याच्या उलट बाजूचा पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. तेथील रानोमाळ फिरणाऱ्या उंटांत या विषाणूची प्रतिपिंडे आढळली नाहीत. हे उंट मूळचे तेथील नव्हेत. एकोणिसाव्या शतकात ते मुख्यतः हिंदुस्थानच्या वायव्य भागातून जहाजांनी नेण्यात आले. १८६६ साली थॉमस एल्डर याने नेलेली मोठी तुकडी त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या कराची बंदरातून गेली होती. यावरून त्या काळी आपल्याकडील उंटांत विषाणू नव्हता असे अनुमान काढण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. लांबच्या सागरी प्रवासात, किंवा नंतरच्या विरळ कळपांत, विषाणू नामशेष झाला असणेही तितकेच संभवनीय आहे. पुराव्याचे मौन हा मौनाचाच पुरावा असतो; त्यापलीकडे त्याला बोलते करणे धोक्याचे.

मग १९८३ पासून, कदाचित त्याही पूर्वीपासून, उंटांत असलेला विषाणू माणसांत २०१२ सालीच का दिसावा? येथे तीन उत्तरे संभवतात. एक, रोग पूर्वीही होत असेल, परंतु न्यूमोनियाने मेलेल्या गुराख्याच्या मृत्यूचे कारण कोणी शोधले नसेल. दोन, विषाणूत अथवा उंटपालनाच्या रीतीत बदल झाला असेल. तीन, रोगाला पसरण्यास योग्य अशी जागा अलीकडेच निर्माण झाली असेल. पहिल्या उत्तरास बळ देणारा आधार आहे. २०१२ च्या डिसेंबरपासून वर्षभरात सौदी अरेबियात गोळा केलेल्या १०,००९ माणसांच्या रक्तजलांपैकी १५ नमुन्यांत प्रतिपिंडे निघाली. त्यावरून देशात सुमारे ४५,००० लोकांना नकळत संसर्ग होऊन गेला असावा असा अंदाज संशोधकांनी केला. सर्वसाधारण जनतेच्या मानाने हे प्रमाण उंट राखणाऱ्यांत आणि खाटिकखान्यातील कामगारांत कितीतरी अधिक होते : ८७ गुराख्यांपैकी दोन, १४० कामगारांपैकी पाच. यांतील कोणाचेही नाव साथीच्या नोंदवहीत असण्याचे कारण नव्हते. रुग्ण म्हणून ते कोठे गेलेच नव्हते.

५

तिसऱ्या उत्तराचा विचार करताना रुग्णालयाकडे वळावे लागते. २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत खजुरांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या अल्-अहसा प्रदेशात २३ निश्चित रुग्ण आढळले. त्यांपैकी २१ जणांना संसर्ग माणसाकडून माणसाला झाला होता, व त्याची मुख्य ठिकाणे डायलिसिसचे कक्ष, अतिदक्षता विभाग आणि रुग्णकक्ष ही होती. २०१४ च्या वसंतात जेद्दात रुग्णसंख्या एकदम वाढली, तेव्हा विषाणूने रूप पालटले असे भय पसरले. जनुकक्रम पाहता तसे काही आढळले नाही. पालटले होते ते माणसांचे येणेजाणे. आरोग्यकर्मचारी नसलेल्या ज्या ११२ सलक्षण रुग्णांची माहिती मिळू शकली त्यांपैकी १०९ जण आजारापूर्वी एखाद्या रुग्णालयाच्या, मर्सच्या निश्चित रुग्णाच्या किंवा तीव्र श्वसनविकार असलेल्या माणसाच्या संपर्कात आलेले होते.

जेद्दाच्या नोंदींत टीकात्मक अभ्यासकास आणखीही काही सापडते. तेथील २५५ रुग्णांपैकी ६४ जणांची नोंद 'लक्षणे नाहीत' अशी होती. नंतर त्यांपैकी ३३ जणांना प्रत्यक्ष विचारले असता २६ जणांनी काही ना काही त्रास झाल्याचे सांगितले. जून २०१४ मध्ये सौदी आरोग्य खात्याने आधी न मोजलेले ११३ रुग्ण जमेस धरले आणि एकूण आकडा ६८८ झाला. मर्सचा जो आलेख आपण पाहतो तो रोगाचा जितका, तितकाच मोजणीचाही आलेख असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

२०१५ साली दक्षिण कोरियात जे घडले त्यात उंटाचा संबंध आरंभापुरताही दूरचाच होता. आखाती देशांतून मे महिन्यात परतलेला ६८ वर्षांचा एक प्रवासी निदान होईपर्यंत एकामागून एक दवाखाने फिरला. त्यापासून लागलेली साखळी १८६ रुग्णांपर्यंत पोहोचली व ३८ जण दगावले. सेऊलमधील एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एकाच रुग्णापासून ऐंशीहून अधिक लोक बाधित झाले. सोळा हजारांवर माणसांना घरी वा अन्यत्र अलग ठेवावे लागले. बाधित रुग्णालयांची नावे शासनाने ७ जूनपर्यंत जाहीर केली नाहीत. तोवर कोठे जाणे टाळावे हे नागरिकांस कळण्यास मार्ग नव्हता.

६

या सर्व सामग्रीचा एकत्र विचार केला म्हणजे मर्सच्या इतिहासात दोन निराळ्या गती दिसतात. एक संथ : उंटाकडून माणसाकडे, पुनःपुन्हा, एकेका गोठ्यात व वाड्यात होणारे संक्रमण. जनुकक्रमांच्या तौलनिक अभ्यासावरून अशी स्वतंत्र संक्रमणे पन्नासांहून अधिक झाली असावीत, आणि त्यांतील बहुतेक माणसांत फार पुढे न जाता विझली, असे दिसते. दुसरी गती वेगवान : अशा एखाद्या ठिणगीचे रुग्णालयात वणव्यात होणारे रूपांतर. पहिलीचे साक्षी मुके आहेत. दुसरीचे साक्षी कागदावर आहेत. जगभरात २७ देशांत नोंदल्या गेलेल्या २,६०० हून अधिक रुग्णांपैकी सुमारे ३६ टक्के मरण पावले, हे प्रमाण वारंवार सांगितले जाते. पण ते नोंदलेल्या रुग्णांचे प्रमाण आहे, बाधितांचे नव्हे. हा भेद विसरल्यास रोग आहे त्याहून क्रूर व विरळ भासेल.

आफ्रिकेचे कोडे तर अद्याप सुटलेले नाही. सोमालिया, सुदान, इथिओपिया या देशांत उंटांची संख्या प्रचंड असून तेथून बर्बेरासारख्या बंदरांमार्गे अरबस्तानात उंटांचा व्यापार चालतो. तेथील उंटांत विषाणू आहे, आणि तरी माणसांतील रोगाची नोंद जवळजवळ नाही. पश्चिम आफ्रिकेतील विषाणूंत काही जनुकीय फरक आढळले आहेत. त्यामुळे ते कमी उपद्रवी असतील हे शक्य आहे. परंतु जेथे तपासणीची सोयच तुटपुंजी आहे तेथे रोगच नाही असे म्हणण्यापूर्वी झरकाच्या नमुन्यांची आठवण ठेवावी. त्या नमुन्यांचे मोल एप्रिल २०१२ मध्ये कोणास ठाऊक नव्हते. ते कोणीतरी जपून ठेवले म्हणून इतिहासाचे एक पान लिहिता आले. रक्तजलाच्या कुप्या, जनावरांच्या वाहतुकीचे दाखले आणि दवाखान्यांच्या नोंदवह्या ही सर्व इतिहासाची साधनेच आहेत. त्यांच्या जतनाची चिंता वैद्यकाइतकीच इतिहास विभागांनीही वाहिली पाहिजे; कारण उद्याचा प्रश्न कोणता असेल हे आज नमुना ठेवणाऱ्यास कधीच ठाऊक नसते.