एअरब्रशने मारलेला रंग मॉडेलवर खरखरीत का होतो?
महिनाभर खपून विमानाचं मॉडेल जोडलं आणि रंगवल्यावर पंख सँडपेपरसारखे लागतायत? म्हणजे रंगाचे थेंब प्लास्टिकवर पोहोचण्याआधी हवेतच सुकले. अशा वेळी बरेच जण प्रेशर वाढवतात, त्याने रंग आणखी लवकर सुकतो. उलट प्रेशर १५ ते २० पीएसआयवर आणा, एअरब्रश थोडा जवळ धरा आणि रंग दुधाइतका पातळ करा. उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग तर सुईच्या टोकावरच वाळतो. थिनरमध्ये बुडवलेल्या इअरबडने ते पुसत राहा. रंगाला कोळ्यासारखे पाय फुटले, तर मात्र तो जास्तच पातळ झालाय किंवा तुम्ही फार जवळून मारताय. कपात बुडबुडे आले तर नोझल तपासा. बिघडलेला थर पूर्ण वाळल्यावर २००० ग्रिटच्या पॉलिश पेपरने पाणी लावून हलका घासा. सगळा रंग काढावा लागतोच असं नाही.