कॅसेट कोणाची? बीटामॅक्स खटल्याची गोष्ट

मागच्या शुक्रवारी पुण्याहून मुंबईला ट्रेनने चाललो होतो. घाटात रेंज जाते हे माहीत असल्यामुळे निम्मा बघून झालेला पिक्चर फोनमध्ये डाउनलोड करून ठेवलेला. मंकी हिलच्या पुढे बोगद्यात शिरलो आणि अ‍ॅप म्हणतं, डाउनलोडची मुदत संपली, इंटरनेटला जोडा. आता बोला! फाइल माझ्या फोनमध्ये, स्टोरेज माझं, पैसे मी भरलेले, आणि दार उघडायचं की नाही हे दुसराच कोणीतरी ठरवणार.

घरात आलेल्या पिक्चरवर हक्क कोणाचा, यावर अमेरिकेत सात वर्षं कोर्टकचेरी चालली होती. आज तीच गोष्ट.

१९७५ मध्ये सोनीने बीटामॅक्स बाजारात आणलं. टीव्हीवर चाललेला कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घ्यायचा आणि सवडीने बघायचा. जाहिरातीत त्यांनी सरळ सांगितलं की एकाच वेळी लागणाऱ्या 'कोजॅक' आणि 'कोलंबो' या दोन मालिकांपैकी आता एकही चुकणार नाही. गंमत अशी की दोन्ही मालिका युनिव्हर्सल स्टुडिओच्या. ते भडकले! १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्नेने लॉस एंजेलिसमध्ये सोनीवर खटला भरला. सोबत एका साध्या ग्राहकालाही प्रतिवादी केलं. तो स्टुडिओच्याच वकिलांच्या फर्मचा अशील होता, राजीखुशीने उभा राहिलेला, त्याच्याकडून भरपाई वगैरे काही मागितलीच नव्हती. म्हणजे घरात रेकॉर्डिंग करणारा गुन्हेगार कसा दिसतो, हे दाखवायला आणलेला पुतळा.

१९७९ मध्ये सोनी जिंकली. १९८१ मध्ये वरच्या कोर्टात हरली. १९८२ मध्ये चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर व्हीसीआरची तुलना चक्क एकट्या बाईला गाठणाऱ्या खुन्याशी केली. उलट लहान मुलांचे लाडके टीव्हीवाले फ्रेड रॉजर्स यांनी साक्षीत सांगितलं होतं की पालकांनी माझा कार्यक्रम रेकॉर्ड करून मुलांना नंतर दाखवला तर माझी काहीच हरकत नाही.

सुप्रीम कोर्टात तर प्रकरण केसावर होतं. पहिल्या सुनावणीनंतर बहुतेक न्यायाधीशांचा कल सोनीच्या विरुद्ध होता, पण एकमत होईना म्हणून पुन्हा सुनावणी ठेवली आणि पारडं फिरलं. १७ जानेवारी १९८४ ला निकाल लागला, ५ विरुद्ध ४. घरी, खाजगीत, नंतर बघण्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग कायदेशीर. आणि ज्या यंत्राचे भरपूर वैध उपयोग आहेत, ते विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या चुकीसाठी जबाबदार धरायचं नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर तुमच्या फोनमधल्या रेकॉर्डिंगच्या बटणाचं काय झालं असतं कोणास ठाऊक. (आणि पुढे स्टुडिओंनी कॅसेटी विकून बक्कळ पैसा कमावला, ते वेगळंच!)

आपल्याकडे हे सगळं १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या आसपास पोचलं. बाबा सांगतात, गणपतीत टीव्हीसकट व्हिडिओ भाड्याने आणायचे आणि पहाटेपर्यंत तीन पिक्चर उडवायचे.

मग निकाल आपल्या बाजूने लागूनही मी बोगद्यात का अडकलो? कारण कॅसेटला कुलूप नव्हतं. आता अ‍ॅप जी फाइल देतं ती एन्क्रिप्टेड असते, आणि किल्ली कधीपर्यंत चालेल हे कंपनीचा सर्व्हर ठरवतो. १९९८ मध्ये अमेरिकेने डीएमसीए कायदा करून असं कुलूप तोडणंच बेकायदेशीर ठरवलं, मग आतला उपयोग वैध असला तरी. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ अ आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण त्यासाठी हेतू हक्कभंगाचा असावा लागतो. हा फरक मला बारीक वाटत नाही.

कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होतं, ते जुलै २००९ मध्ये दिसलं. किंडलवर विकलेली ऑर्वेलची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तकं अ‍ॅमेझॉनने लोकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. पुस्तक नेमकं कुठलं, बघा! विकणाऱ्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते म्हणे. पैसे परत दिले, जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी केलेल्या टिपा निरुपयोगी झाल्या, कारण त्या ज्या पानांवर होत्या ती पानंच गेली. त्याने दावा लावला. तडजोडीत अ‍ॅमेझॉनने १,५०,००० डॉलर दिले आणि पुन्हा असं करणार नाही असं कबूल केलं, काही अपवाद सोडून. त्यातला एक अपवाद म्हणजे कोर्टाचा आदेश.

आमच्या कपाटात आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट अजून आहे. तिला ना मुदत, ना पासवर्ड. फक्त टेपवर बुरशी आलीय, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. कुणाकडे चालू स्थितीतला व्हीसीआर असेल तर कळवा, मी कॅसेट घेऊन येतो. भेटू पुढच्या भागात.