लिपिडांच्या साह्याने जनुकांचा पेशीप्रवेश : पद्धतीचा आणि संज्ञांचा इतिहास

१

शास्त्रातील संज्ञा प्रथम सोयीसाठी योजिलेली खूण असते. परंतु वापराने रुळल्यावर तीच पुष्कळदा स्पष्टीकरणाची जागा घेऊ लागते. प्रयोगपात्रात वाढविलेल्या प्राणिपेशींत लिपिडांच्या, म्हणजे स्निग्ध द्रव्यांच्या, साह्याने जनुके घालण्याची पद्धत आज प्रयोगशाळांत नित्याची झाली आहे. या पद्धतीच्या इतिहासात संज्ञेने सुचविलेले चित्र आणि प्रत्यक्ष प्रक्रिया यांची फारकत कशी झाली आणि ती कोणत्या प्रयोगांनी उघडकीस आली, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रारंभ 'ट्रान्सफेक्शन' या शब्दापासूनच केला पाहिजे. मारून टाकलेल्या मारक न्यूमोकोकस जंतूंच्या सहवासात त्याच जातीच्या निरुपद्रवी जंतूंना मारकता प्राप्त होते, असे ग्रिफिथ यांना १९२८ साली आढळले. हा बदल घडविणारे द्रव्य डीएनए होय, हे एव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी १९४४ साली दाखविले. या घटनेला 'ट्रान्सफॉर्मेशन', म्हणजे रूपांतरण, असे नाव होते. पुढे १९६४ साली फोल्डेश व ट्राउटनर यांनी जीवाणुभक्षी विषाणूचा नुसता डीएनए जीवाणूत घालून त्यातून संपूर्ण विषाणू निर्माण झाल्याचे दाखविले. ही घटना अर्धी रूपांतरणाची आणि अर्धी संसर्गाची; म्हणून 'ट्रान्सफॉर्मेशन' आणि 'इन्फेक्शन' यांचे तुकडे जोडून नवा शब्द घडविण्यात आला. प्राणिपेशींच्या अभ्यासकांना तो विशेष सोयीचा वाटला. कारण त्यांच्या परिभाषेत 'ट्रान्सफॉर्मेशन' हा शब्द पेशींना कर्करोगसदृश रूप येण्यासाठी आधीच राखला गेला होता. आज पेशीत एखाद्या चकाकणाऱ्या प्रथिनाचे जनुक घातले, तर त्यात संसर्ग कोठेच नसतो. शब्द टिकला, त्याच्या अर्थाचा अर्धा भाग मात्र गळून पडला.

२

मूळ अडचण विद्युत्भाराची आणि आकाराची आहे. डीएनएचा रेणू प्रचंड लांब आणि ऋणभारित. पेशीचा पृष्ठभागही ऋणभारित. आणि पेशीपटलाचा गाभा स्निग्ध. त्यामुळे असा रेणू आपण होऊन आत शिरणे दुरापास्त असते. १९६५ साली वाहेरी व पगानो यांनी डीईएई-डेक्स्ट्रान या धनभारित बहुवारिकाच्या साह्याने पोलिओ विषाणूचा आरएनए पेशींत पोहोचविला. १९७३ साली ग्रॅहॅम व व्हॅन डर एब यांनी कॅल्शियम फॉस्फेटच्या साक्याबरोबर डीएनए पेशींवर बसविण्याची रीत मांडली. ती स्वस्त होती, पण लहरी. द्रावणाची आम्लता किंचित बदलली तरी साका निराळा पडे आणि प्रयोगाचे फळही निराळे येई.

याच सुमारास एक स्वतंत्र प्रवाह वाहत होता. केंब्रिजजवळील बाबरहॅम येथे बँगहॅम व त्यांचे सहकारी पेशीपटलाच्या पार्यतेचा अभ्यास करीत होते. फॉस्फोलिपिडे पाण्यात फुगली असता त्यांचे एकावर एक थर होऊन बंदिस्त पुटिका बनतात आणि त्यांत आयन कोंडून राहतात, हे त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. जनुकांशी या कार्याचा काहीच संबंध नव्हता. या पुटिकांना 'लिपोसोम' हे नाव १९६८ साली सेसा व वाइसमन यांच्या लेखनातून रूढ झाले. 'लिपोस' म्हणजे मेद आणि 'सोमा' म्हणजे काया, अशी त्याची ग्रीक फोड आहे. नाव केवळ कायेचे. परंतु अभ्यासकांच्या मनात ठसली ती पिशवी. पिशवी म्हटली की तिच्यात काही भरावे आणि इच्छित स्थळी ती रिती करावी, ही कल्पना स्वाभाविकच होती.

त्याप्रमाणे १९७८ साली दोन स्वतंत्र गटांनी सशाच्या ग्लोबिनाचा संदेशवाहक आरएनए लिपोसोमांत भरून परक्या पेशींकडून ग्लोबिन तयार करविले. १९८० साली फ्रेली, सुब्रमणी, बर्ग व पापाहाजोपुलोस यांनी एसव्ही-४० विषाणूचा डीएनए याच मार्गाने पेशींत नेला. तत्त्व सिद्ध झाले. परंतु लांबलचक डीएनए लहानशा पुटिकेत कोंडणे कष्टाचे होते, आणि पुष्कळसा डीएनए बाहेरच राही.

३

१९८७ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील सिंटेक्स संस्थेत फेल्गनर व सहकाऱ्यांनी ही अडचण वेगळ्याच मार्गाने दूर केली. निसर्गातील लिपिडे बहुशः ऋणभारित किंवा भाररहित असतात. त्यांनी 'डॉटमा' नावाचे धनभारित लिपिड कृत्रिम रीतीने बनविले. त्याच्या पुटिका आधी तयार करून त्यांत नंतर डीएनए नुसता मिसळावयाचा, एवढीच कृती. भरण्याचे श्रमच उरले नाहीत. विरुद्ध भारांच्या आकर्षणाने संकुल आपोआप बने. पेशीच्या जातीनुसार ही पद्धत जुन्या पद्धतींपेक्षा पाचपासून शंभरपटींहून अधिक परिणामकारक ठरल्याचे त्यांनी नोंदविले व तिला 'लिपोफेक्शन' हे नाव दिले.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबावयास हवे. कृती पालटली होती, पण वर्णनाचे शब्द जुनेच राहिले. डीएनए संपूर्णपणे 'कोंडला' जातो आणि संकुल पेशीपटलाशी 'एकजीव' होते, असे त्या लेखात म्हटले होते. पिशवी आणि तिचे भिंतीत विलीन होणे, हे चित्र तसेच कायम होते.

४

पुढील दहा वर्षांत ते चित्र टप्प्याटप्प्याने दुरुस्त झाले. १९९५ साली झॅबनर व सहकाऱ्यांनी दाखविले की संकुल मुख्यत्वे पेशीच्या अंतर्ग्रहणाने, म्हणजे पटलाचाच खिसा आत ओढला जाऊन, पेशीत येते. ते बहुतेक पेशींत शिरले, तरी जनुकाचे कार्य त्यांपैकी काहींतच दिसून आले. लिपिडाला चिकटलेला डीएनए थेट केंद्रकात टोचला असता तो निष्क्रिय राहिला. म्हणजे अडथळा केवळ दारात नव्हता. खिशातून सुटणे, लिपिडापासून विलग होणे आणि केंद्रकात पोहोचणे, असे तीन अडथळे दाराच्या आत होते. १९९६ साली झेल्फाती व स्झोका यांनी विलग होण्याची उपपत्ती मांडली : खिशाच्या पटलातील ऋणभारित लिपिडे पालटी घेऊन संकुलातील धनभार शमवितात व न्यूक्लिइक अम्ल मोकळे होते. १९९७ साली सफिन्या यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साह्याने संकुलाची रचना तपासली. तेथे पिशवी नव्हतीच. लिपिडांच्या थरांमध्ये डीएनएच्या ओळी दाबून बसविलेल्या होत्या.

त्याच १९९७ साली फेल्गनर व इतर अनेक संशोधकांनी मिळून परिभाषेची दुरुस्ती सुचविली. धनभारित लिपिड व न्यूक्लिइक अम्ल यांच्या संकुलास 'लिपोप्लेक्स' म्हणावे, असे त्यांनी ठरविले. 'सोम'च्या जागी 'प्लेक्स' हा बदल दिसण्यात किरकोळ. परंतु पुटिकेत भरणे आणि संकुल बनणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही कबुली त्यात आहे.

५

अडथळा आत आहे हे उमजल्यावर संशोधनाची दिशाही स्पष्ट झाली. मॅलोन, फेल्गनर व वर्मा यांनी १९८९ सालीच लिपिडांच्या साह्याने संदेशवाहक आरएनए पेशींत घातला होता. आरएनएला केंद्रकात जावे लागत नसल्याने एक अडथळा मुळातच टळतो. पुढे, रक्तात जवळजवळ भाररहित राहणारी आणि खिशातील आम्लतेत धनभारित होणारी लिपिडे रचण्यात आली. त्यांवर आधारलेल्या पॅटिसिरान या औषधास अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये कोविड-१९ वरील आरएनए लशी वापरात आल्या. या सूक्ष्मकणांत आरएनए पुन्हा 'आत' आहे. उलट पुण्यातील जेनोव्हा कंपनीच्या, जून २०२२ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळालेल्या लशीत तो धनभारित स्निग्ध कणांच्या पृष्ठभागावर धरलेला असतो. भरणे आणि चिकटविणे हे दोन्ही मार्ग अशा रीतीने आज शेजारी नांदत आहेत.

या इतिहासाचे महत्त्व केवळ पुरातन नाही. विक्रियाकारकाचे नाव वाचून जो विद्यार्थी 'पिशवी भिंतीत विरघळते' असे मानतो, तो प्रयोग फसल्यावर दोष पेशीच्या दारात शोधतो. वस्तुतः तो पुष्कळदा आतल्या खिशात असतो. मराठीत प्रतिशब्द घडविणारांनीही हे ध्यानी घ्यावयास हवे. 'लिपोसोम'ला 'मेदपुटिका' म्हणणे यथार्थ आहे. परंतु तोच शब्द 'लिपोप्लेक्स'साठी चालविला, तर परभाषेने तीस वर्षांत दुरुस्त केलेली चूक मराठीत नव्याने रुजेल. तेथे 'मेदसंकुल' हा शब्द अधिक योग्य होय. प्रतिशब्द घडविताना मूळ शब्दाची फोड पुरेशी नसते. तो कोणत्या प्रयोगाने जन्मास आला आणि कोणत्या प्रयोगाने अपुरा ठरला, हेही पाहावे लागते.